जर्मनीत सेमिस्टरसाठी जाताय? सुट्टीच्या डोंगरभटकंतीची तयारी बडोद्यापासून

बडोद्याहून एक्स्चेंजवर जर्मनीला जाणारी बरीच मुलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे पोचतात, कारण हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे हाती येणारे पहिले महिने हे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांचे. बडोद्यात डिसेंबरातला लहानात लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांचा असतो. म्युनिकमध्ये तो 8 तास 20 मिनिटांवर येतो आणि बर्लिनमध्ये त्याहूनही आखूड होतो. आजव्याला किंवा जांबुघोड्याला जाताना आपण सकाळी कधी निघायचं एवढंच ठरवतो, परतीचं आपोआप जमतं. तिथे हे चालत नाही. उजेड किती वाजता जातो आणि गावातली शेवटची बस किती वाजता सुटते, या दोन वेळा आधी लिहायच्या आणि तिथून मागे मागे येत सहल आखायची. नवख्यांच्या फसलेल्या बहुतेक सहली अवघड वाटेमुळे फसत नाहीत, परतीचा हिशेब न केल्यामुळे फसतात.

निघण्याआधी

बूट इथेच घ्या आणि इथेच रुळवा. घोटा झाकणारे, तळाला खोल खाचा असलेले, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. दुकानात जिन्याच्या पायरीवर बोटं खाली करून उभं राहा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट नको. चढताना त्याचा त्रास जाणवत नाही, पण पाचशे मीटर उतरल्यावर नख काळंनिळं पडतं. मग जे मोजे तिकडे घालणार तेच घालून दोन-तीनदा पावागड करा. माचीपर्यंत गाडीनं न जाता चांपानेरच्या पायथ्यापासून, आणि उतरतानाही रोपवे न घेता. टाच कुठे घासते, फोड कुठे येतो, हे घराजवळ कळलेलं बरं. फोड येण्याआधी तिथली कातडी गरम लागते. तेव्हाच थांबून पट्टी लावली की पुढचं टळतं.

बडोद्याच्या पावसाळ्यातला प्लास्टिकचा रेनकोट नेऊ नका. त्यातून वारं आत-बाहेर होत नाही, त्यामुळे चढावर घाम आत साचतो आणि थांबल्यावर तोच घाम अंग गार करतो. सुती टी-शर्टाचंही तसंच. सूत ओलं झालं की तासन्‌तास वाळत नाही. अंगाला लागून पॉलिस्टर किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं पण घामाची वाफ बाहेर सोडणारं जॅकेट, असे तीन थर लागतात. पहिले दोन इथून न्या. तिसरा तिथेच घ्या. वापरलेली चांगली जॅकेटं विद्यार्थ्यांच्या गटांत आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत मिळतात. जीन्स डोंगरावर नकोच.

खाण्याचं सामान भरताना एक नियम पाळावाच लागतो. यूरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, खव्याचं काहीही कस्टम्सवाले काढून घेऊ शकतात, आणि आईनं मन लावून भरलेला डबा विमानतळावर टाकून द्यायची वेळ येते. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, खाखरा, तेलावरची भाकरवडी नेता येते. धपाटे तिथे करायची सवय लावा. साध्या दुकानात मिळणारं टाइप 405 लिहिलेलं पीठ मैद्यासारखं असतं, त्याचे धपाटे गार झाले की चिवट होतात. भारतीय किंवा तुर्की दुकानातली कणीक घ्या, नाहीतर टाइप 1050.

तिकीट

बाहेर पडायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे डॉइचलांडटिकेट. मे 2023 मध्ये ते महिना 49 युरोला सुरू झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 युरोला आहे. देशभरातल्या आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान या उपनगरी गाड्या, शहरातल्या ट्राम, मेट्रो आणि बस त्यावर चालतात. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं तिकीट असतं किंवा सत्राच्या फीमध्येच ते धरलेलं असतं.

हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून जातात. तिकीट नावावर असतं, म्हणून ओळखपत्र सोबत हवं. ते फोनमध्ये असतं, म्हणून पॉवर बँकही हवी. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. फोन बंद पडला आणि तपासनीस आला तर 60 युरोच्या दंडाची पावती हातात पडते. नंतर तिकीट दाखवून दंड कमी करून घेता येतो, पण ती धावपळ कशाला? फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.

महिन्याचं तिकीट नसेल आणि चार-पाच जण मिळून जात असाल तर राज्याचं दिवसाचं तिकीट परवडतं. म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथल्या बायर्न-टिकेटवर पाच जणांपर्यंत जाता येतं. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 पासून आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती आपल्याकडे सहसा वाट्याला येत नाही. गाडी वाटेत तुटते. म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याकडे जाणारी बीआरबी या रेल्वे कंपनीची एकच लांब गाडी सुटते. होल्त्सकिर्खेनला तिचा एक भाग बायरिशत्सेलकडे जातो, पुढे शाफ्टलाखला उरलेली पुन्हा विभागते, एक टेगर्नझेला आणि एक लेंगरीसला. फलाटावरच्या फलकावर कोणता डबा कुठे जाणार ते लिहिलेलं असतं, डब्याच्या बाजूवर आणि आतल्या पडद्यावरही गावाचं नाव असतं. चढताना ते नाव वाचा. चुकीच्या भागात बसलात तर गाडी बरोबर असूनही तुम्ही भलत्याच दरीत पोचता, आणि रविवारी तिथून परत यायला तासभर थांबावं लागू शकतं.

गावातल्या बसचं वेळापत्रक वाचतानाही थांबा. 'मो-फ्र' म्हणजे सोमवार ते शुक्रवार, 'झा' शनिवार, 'झो' रविवार आणि सणाची सुट्टी. 'नुर आन शूलटागन' असं लिहिलेली बस फक्त शाळेच्या दिवशी धावते. 'रूफबुस' असेल तर ती आधी फोन करून बोलवावी लागते, नुसतं थांब्यावर उभं राहून येत नाही. सुट्टीच्या दिवशी अनेक गावांत दोन-दोन तासांनी बस असते, काही ठिकाणी नसतेच.

वेळेचा हिशेब

डोंगरात वेळ काढायची तिथली रूढ पद्धत अशी. सपाटीवर तासाला 4 किलोमीटर, चढ तासाला 300 मीटर, उतार तासाला 500 मीटर. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढा, चढ-उताराचा वेगळा. दोन्हींतला मोठा आकडा पूर्ण घ्या आणि लहान आकडा निम्मा करून त्यात मिळवा.

टेगर्नझे गावातून वर नॉयरॉयटच्या डोंगरावरच्या उपाहारगृहापर्यंत जाऊन त्याच वाटेनं परत यायचं, असं धरा. जाऊन-येऊन साधारण 8 किलोमीटर, चढ 500 मीटर, उतार 500 मीटर. आडवं अंतर 2 तास. चढ 1 तास 40 मिनिटं आणि उतार 1 तास, मिळून 2 तास 40 मिनिटं. मोठा आकडा 2.40, त्यात 2 तासांचा निम्मा 1 तास, एकूण 3 तास 40 मिनिटं. हा फक्त पायाचा वेळ झाला. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळाही अशाच, विश्रांती न धरता. जेवण, फोटो आणि नवखेपणा यांचा किमान एक तास मिळवला की 4 तास 40 मिनिटं होतात.

आता मागे या. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणून 4 वाजता गावात परत. त्यातून 4 तास 40 मिनिटं वजा केली तर 11.20. म्हणजे 11 वाजता टेगर्नझे स्टेशनवरून पाय उचलले पाहिजेत, आणि गाडीला साधारण तास लागतो म्हणून साडेनऊच्या सुमारास म्युनिक सोडलं पाहिजे. याच सहलीला जूनमध्ये दुपारी 2 ला सुरुवात केली तरी उजेड पुरतो, कारण तेव्हा रात्री 9 नंतर सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम तासभर अलीकडे येते. त्या आठवड्यात आधीच्या सहलीचा अंदाज धरून निघू नका.

कागदावर किंवा फोनमध्ये आणखी एक वेळ लिहा: इथून मागे वळायचं. वर पोचलो नसलो तरी त्या वेळेला मागे फिरायचं, असं निघतानाच सगळ्यांनी मिळून ठरवायचं. चढावर असताना तो निर्णय कुणालाच नीट घेता येत नाही.

पहिल्या सहली कुठे

पहिली सहल सोपीच हवी, रेल्वे स्टेशनवरून पायी सुरू होणारी, बसवर न अवलंबणारी. म्युनिकवाल्यांनी एस 8 नं शेवटचं स्टेशन हेर्शिंग गाठावं आणि कीनटाल या झऱ्याकाठच्या जंगलवाटेनं आंडेक्सच्या मठापर्यंत चालावं. एका बाजूनं चार-पाच किलोमीटर, चढ दोनशे मीटरच्या आत. मठाजवळ जेवायची सोय आहे आणि खाली उतरल्यावर आमरझे तलाव. इथे बूट, कपडे, पाणी, वेग या सगळ्यांची परीक्षा होते आणि काही चुकलं तरी गाव जवळ असतं. टेगर्नझेची सहल दुसरी ठेवा.

ड्रेस्डेनला असाल तर एस 1 नं कुरोर्ट राटन, होडीनं एल्बे ओलांडून बास्टाईच्या खडकांवर. तिथला दगडी पूल 1851 चा आहे. फ्रायबुर्गहून टिटीझे आणि फेल्डबर्ग. फेल्डबर्ग 1493 मीटरचा, त्यामुळे खाली फुलं आणि वर बर्फ असं एप्रिलमध्येही असू शकतं. बॉन किंवा कोलोनहून क्योनिग्सविंटरचा ड्राखनफेल्स, फक्त 321 मीटर, पाय थकले तर 1883 पासून चालू असलेली दातेरी रुळांची गाडी. ग्योटिंगनवाल्यांना हार्त्सचे डोंगर जवळ. तिथला ब्रोकन 1141 मीटरचाच असला तरी उघडा आहे, तिथे धुकं आणि वारं फार, त्याला पहिल्या महिन्यात हात लावू नका.

पाट्यांचे रंग पाठ करा. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाच्या डोंगरात निळा म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. नवख्यांनी पहिले सहा महिने निळ्यावरच राहावं. लाल वाट अरुंद असते आणि एका बाजूला खोल उतार असू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये रंगांचा अर्थ वेगळा: साधी पिवळी पाटी सोपी, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाट, आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा गिर्यारोहकांसाठी. जर्मनीतला सोपा निळा डोळ्यांत बसलेला माणूस तिथल्या निळ्या पट्ट्यामागे गेला तर थेट सगळ्यात अवघड वाटेवर पोचतो.

सीमेपलीकडे जाताना पासपोर्ट आणि निवास परवाना मूळ प्रतीत सोबत हवा, फोटो चालत नाही. सॉल्झबुर्ग आणि कूफश्टाइन ही ऑस्ट्रियातली स्टेशनं डॉइचलांडटिकेटमध्ये येतात, म्हणून मुलं सहज जातात आणि कागद खोलीवर राहतात. परतताना गाडीत पोलीस तपासणी होते.

पिशवी

20 ते 25 लिटरची पिशवी पुरते. पाणी उन्हाळ्यात दीड ते दोन लिटर, हिवाळ्यात एक लिटर आणि वर अर्धा लिटर गरम चहाचा थर्मास. नळाचं पाणी तिथे निःशंक प्यायचं. 'काइन ट्रिंकवासर', म्हणजे पिण्याचं पाणी नाही, असं लिहिलेला नळ मात्र टाळायचा. पाच तासांच्या चालीला माणशी चार धपाटे, मूठभर शेंगदाणे, दोन-तीन चिक्क्या आणि एक सफरचंद. शिवाय डोक्याला लावायचा टॉर्च, सुके मोजे, टोपी आणि हातमोजे, पट्ट्या, चिमटा, 30-40 युरो रोख, आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. दरीत नेटवर्क जातं आणि तेव्हाच नकाशा लागतो. उंचीनुसार दर 100 मीटरला तापमान साधारण 0.6 अंशांनी उतरतं. खाली 8 अंश असेल तर 1000 मीटर वर 2 अंश धरा, वारा वेगळा.

खरेदी शनिवारीच करा. रविवारी आणि सणांना दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी. 1 नोव्हेंबर ही बव्हेरियात सुट्टी आहे आणि नव्यानं आलेल्यांना ती हमखास चुकवते.

डोंगरातल्या उपाहारगृहांत आठवड्याची सुट्टी असते, 'रूएटाग' म्हणून पाटी लागते. आदल्या दिवशी पाहून ठेवा. शाकाहारी असाल तर सूप मागवताना विचारा, कारण नुसत्या शेवया किंवा घावनाच्या पट्ट्या घातलेलं सूपसुद्धा बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. चीज घातलेले केझश्पात्सन बहुतेक ठिकाणी मिळतात, पण त्यांच्या पिठात अंडं असतं. एकाच मेजावर अनोळखी लोकांबरोबर बसायची पद्धत आहे, 'इस्ट हिअर नोख फ्राय?' म्हणजे इथे जागा आहे का, एवढं विचारून बसा. उपाहारगृहात आपला डबा उघडू नये. बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये मात्र पेय तिथलं घेतलं तर स्वतःचं खाणं आणायची जुनी मुभा आहे. तिथे धपाटे खुशाल काढा.

वाटेवर

जंगलात पायी फिरायला कायद्यानं मोकळीक आहे, पण तंबू ठोकायला नाही आणि शेकोटीलाही नाही. हिरव्या कडेच्या त्रिकोणात गरुड दिसला की ते राखीव क्षेत्र. पूर्वेकडच्या राज्यांत त्याच कामासाठी पिवळ्या पाटीवर घुबड असतं. तिथे वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही. लाकूडतोडीसाठी 'लेबन्सगेफार', म्हणजे जिवाला धोका, असं लिहून अडवलेली वाट रविवारी काम बंद असलं तरी ओलांडू नका; अर्धवट तोडलेलं झाड आपोआप पडू शकतं. कुरणात गाय वासरासह असेल तर लांबून वळसा घाला. फाटक उघडलं तर मागे लावून घ्या.

आपला बेत खोलीतल्या किंवा वसतिगृहातल्या कुणाला तरी लिहून द्या: कोणती वाट, कितीजण, किती वाजेपर्यंत परत. बडोद्यात आई-बाबांना कळवाच, पण तिथे हिवाळ्यात साडेचार तास पुढे रात्र झालेली असते आणि एवढ्या लांबून ते कुणाला पाठवणार? तातडीला 112. आधी ठिकाण सांगा, नकाशावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवा, आणि समोरच्यानं सांगेपर्यंत फोन ठेवू नका. ऑस्ट्रियात डोंगरातल्या सुटकेसाठी 140, स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचाव सेवेचा 1414. फोन लागत नसेल तर टॉर्चनं किंवा शिटीनं मिनिटाला सहा खुणा, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन खुणा येतात. परदेशातल्या सुटकेचा खर्च विम्यात येतो का, हे सीमा ओलांडण्याआधी विमा कंपनीला विचारा.

बर्फाबद्दल थोडं जास्त. आपल्याला ताज्या, मऊ बर्फाची भीती वाटते, पण पाय मोडतो तो आदल्या दिवशी वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या बर्फावर. सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारावर तो मे महिन्यापर्यंत टिकतो. बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्या मिळतात, त्या पिशवीत ठेवा. हिवाळ्यात फक्त बर्फ हटवलेल्या, 'गेरॉइम्ट' लिहिलेल्या वाटांवर चाला. हिमस्खलनाचा इशारा 1 ते 5 अशा पायऱ्यांत रोज निघतो. तो समजून घ्यायचं शिक्षण घेईपर्यंत उघड्या बर्फाळ उतारावर पाऊल नको. उन्हाळ्यात दुपारनंतर आल्प्समध्ये वादळं होतात, म्हणून तेव्हा उजेड भरपूर असला तरी माथ्यावरून दुपारपर्यंत खाली यायला निघा.

परत आल्यावर

त्याच रात्री, आंघोळीच्या आधी, अंगभर गोचीड शोधा. गुडघ्यामागे, मांडीच्या सांध्यात, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. तिळाएवढीही असते. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला अगदी टेकून धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल, क्रीम, गरम काडी यातलं काहीही लावू नका. त्रास झालेली गोचीड आपली लाळ जखमेत सोडते. मग जागा निर्जंतुक करा, तारीख लिहा आणि पेनानं भोवती वर्तुळ काढा.

तिच्यापासून दोन वेगळे आजार होतात. बोरेलियोसिसचे जंतू अंगात शिरायला बहुतेकदा बारा तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच रात्रीच्या तपासणीला एवढी किंमत. त्यावर सध्या लस नाही, पण अँटिबायोटिकनं तो बरा होतो. 3 ते 30 दिवसांत चावल्याच्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी. दुसरा मेंदूज्वर, तिथे एफएसएमई म्हणतात. त्याचा विषाणू चावताच आत जातो आणि त्यावर औषध नाही, पण लस आहे. बव्हेरिया आणि बाडन-व्युर्टेम्बर्गचा बहुतेक भाग जोखमीचा आहे. तीन डोस असतात, पहिल्या दोनांत एक ते तीन महिन्यांचं अंतर. ऑक्टोबरात गेलेल्यांनी जानेवारीत पहिला घेतला तर एप्रिलच्या आत दोन होतात आणि तो मोसम निभावतो. जोखमीच्या भागात राहणाऱ्यांचा खर्च तिथला सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा देतो.

बूट हीटरवर ठेवू नका, तळ सुटतो. आतली पट्टी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला; सकाळपर्यंत कोरडे होतात.